डाव्या कोपऱ्यातली वस्ती

रत्नमालाची नोकरी जायची वेळ आली ती कॉम्प्युटर नीटनेटका केल्यामुळं. ऐकायला विचित्र वाटतं, पण झालं तसंच.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. मुकुंदवाडीत एका टँकर ठेकेदाराचं हापिस होतं, तिथं रत्नमाला दोन वर्षांपासून दिवसभर दोन स्क्रीनसमोर बसायची. अठरा ठिकाणी टँकर जायचे. निम्मे बिडकीनकडच्या वाड्यावस्त्यांना, निम्मे शहराबाहेर भराभरा उगवणाऱ्या नव्या सोसायट्यांना. प्रत्येक ठिकाणाची स्क्रीनवर एक खिडकी, आणि सगळ्या खिडक्या सारख्याच: वर बारीक अक्षरात नाव, खाली ‘पाठवा’चं बटण. बटण दाबलं की ड्रायव्हरच्या मोबाइलवर पत्ता पोचायचा.

लाइट मात्र दिवसातून चारदा जायची, आणि इन्व्हर्टर तर कधीचाच मेला होता. लाइट आली की अठराच्या अठरा खिडक्या एकमेकींवर पडलेल्या असायच्या. त्या लावता लावता वीस मिनिटं जायची, तिकडं ड्रायव्हर फोनवर बोंबलायचे. शेवटी हापिसाचे मॅनेजर व्यंकटराव वैतागले आणि त्यांनी छावणी भागातल्या ओळखीच्या, कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या देवेशला बोलावलं. पोरगा हुशार, कामाला चोख. रत्नमाला जेवायला गेली तेवढ्यात त्यानं एक प्रोग्रॅम टाकला. खिडक्या एकदा लावून जतन करायच्या, मग लाइट गेली-आली तरी एक कळ दाबली की सगळ्या परत जागच्या जागी. जाता जाता त्यानं खिडक्या नावाप्रमाणं, अ पासून ज्ञ पर्यंत, छान ओळीत लावून जतन केल्या आणि निघून गेला. रत्नमालाला विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

दुपारी लाइट गेली, आली. कुठली कळ दाबायची ते व्यंकटरावांनी सांगितलं होतं. रत्नमालानं कळ दाबली. खिडक्या शहाण्यासारख्या ओळीत उभ्या राहिल्या. तिचा हात सवयीनं खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला आणि तिनं बटण दाबलं. तो कोपरा माळावरच्या वस्तीचा. निदान सकाळपर्यंत तरी होता. बिभीषण ड्रायव्हर भरला टँकर घेऊन नव्या सोसायटीत गेला, बारा हजार लिटर तिथल्या हौदात ओतून मोकळा झाला, आणि तीन दिवसांपासून वाट बघणारी वस्ती कोरडीच राहिली. वस्तीवरच्या चतुराबाईचा फोन आला. म्हातारी भांडली नाही, फक्त म्हणाली, “रांजण पालथा घातलाय बघ, बाय.” रत्नमाला त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटरावांनी तिला समोर उभं केलं. “एवढा खर्च करून सोय करून दिली, तरी हा घोळ? तुला जमत नाय. उद्यापासून नको येऊ.” घरात तिचाच पगार तेवढा येत होता, आणि रडून काही होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात, प्रोग्रॅम कसा चाललाय बघायला आलेला देवेश दारातच थांबला होता, तो पुढं झाला.

“काका, चूक यांची नाही, माझी आहे. यांच्या खिडक्या मी न विचारता हलवल्या.” मग तिच्याकडं वळून म्हणाला, “ताई, तुमच्या आधी कशा होत्या?”

आजवर तिला कुणी हे विचारलं नव्हतं. आधी तिचं ततपप झालं, मग ती बोलू लागली. “आमचे आप्पा, म्हंजे वडील, मेंढरं घेऊन ज्या वाटंनं जायचे ना साहेब, तश्याच लावते मी. हितून वरनं निघायचं, मग बिडकीन, मग खाली माळ. शेवटचा मुक्काम डाव्या अंगाला. नाव वाचायला टाइम कुठंय? जागा दिसली की गाव कळतं. सोसायट्या नव्या, त्या वाटंत नव्हत्या, म्हणून दुसऱ्या स्क्रीनवर.”

व्यंकटराव म्हणाले, “मेंढरांच्या वाटंवर हापिस चालवायचं का आता?”

“चाललंय की दोन वर्षं,” देवेश म्हणाला. त्यानं खुर्ची तिच्यापुढं सरकवली, स्वतः बाजूला उभा राहिला. तिनं एकेक खिडकी ओढून तिच्या जागी नेली. त्यानं ती मांडणी जतन केली, आणि स्वतःची सुबक मांडणी पुसून टाकली.

व्यंकटराव काही हलेनात. लाइट जाईपर्यंत ते तिच्या पाठीमागंच बसून राहिले. चारला लाइट गेली, साडेचारला आली; तोवर बिभीषणचा टँकरही भरून आला होता. रत्नमालानं कळ दाबली. खिडक्या सरकत सरकत आपापल्या मुक्कामाला लागल्या. नाव न वाचता तिनं डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. व्यंकटरावांनी चष्मा वर करून, स्क्रीनला नाक लावून बारीक अक्षर वाचलं: माळावरची वस्ती. ते खाकरले, “उद्या टायमावर ये,” म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

रत्नमालाचा जीव भांड्यात पडला. देवेश प्रोग्रॅममधलं उरलंसुरलं काम उरकत बसला होता. त्याचे उपकार मानायचे होते, पण एवढ्या शिकल्या माणसाला काय म्हणावं ते तिला सुचेना. आपल्या हातून घडलेलं ह्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, व्यंकटरावांच्या ओळखीचा असून.

सहाच्या सुमाराला देवेश पिशवी आवरून खाली गेला, तेवढ्यात फोन वाजला. चतुराबाई होती. मागं हंड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा कालवा. “आलं गं पाणी, बाय. लई दुवा लागंल तुला.”

“थांब आत्या,” रत्नमाला म्हणाली, धावत पायऱ्या उतरली आणि गाडीला किक मारणाऱ्या देवेशच्या कानाला तिनं तो फोन लावला. “हे पुन्यांदा बोल, आत्या. ह्यांना सांग.”

त्यानं गाडी बंद केली आणि म्हातारीचं सगळं बोलणं संपेपर्यंत तो ऐकत उभा राहिला.