दारामागची बारा घरं

मी बिहारमधल्या आरा गावातल्या एका स्वयंपाकघराच्या दारामागून बोलतोय. मी इंग्रजी काळांचा तक्ता. आडव्या तीन ओळी, प्रत्येकीत चार घरं, एकूण बारा. सगळ्या घरांत एकच मोहन एकच आंबा खातो.

माझा जन्म पाटण्याच्या छापखान्यातला. कोचिंगच्या गल्लीत हातगाडीवरून आम्ही भावंडं वीस-वीस रुपयांना विकली गेलो. बाकीचे पोरांच्या खोल्यांत गेले, मी प्रतिमाच्या पिशवीतून इथं आलो. तिचा नवरा सुरतेच्या गिरणीत, घरात ती आणि सासू सोनमती. प्रतिमाला बँकेच्या कारकुनाची परीक्षा द्यायची होती, पण बसून वाचायला वेळ कुठला? तिनं कणकेची खळ केली आणि मला चुलीसमोरच्या दाराला चिकटवलं. पोळी लाटता लाटता वर बघायचं.

मी सोनमतीच्या डोळ्यांत खुपलो.

“छठीमैयाची तसबीर लावायची ती जागा, आणि हे काय लावलंस?”

“अम्माजी, परीक्षा झाली की काढते.”

परीक्षा झाली, प्रतिमा इंग्रजीत अडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा मात्र प्रतिमा कणकेच्या परातीपुढे बसून रडली. वयाच्या अटीत बसणारी आता एकच परीक्षा उरली होती.

“अडतं कुठं तुझं?” सोनमतीनं विचारलं.

प्रतिमानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“या बारा घरांत? अगं, मला अक्षर येत नाही, पण बारापर्यंत मोजता येतं. बस इथं. म्हण.”

दुसऱ्या दिवसापासून खेळ सुरू झाला. सोनमती बारा भाजलेले चणे पाटावर मांडायची. प्रतिमा माझ्याकडे पाठ करून वाक्यं म्हणायची. घर सरळ पार पडलं तर चणा सुनेचा, अडखळली तर सासूच्या तोंडात, कडकन.

“आज माझं पोट भरलं, दुलहिन!” सासू सुनेला चिडवायची. “आणि हा मोहन तरी काय मेला! एक आंबा बारा वेळा खातो. कोयसुद्धा उरायची नाही.”

“हसवू नका ना, अम्माजी. दहावं घर विसरले.”

“विसरलीस? आण तो चणा.”

सहा महिन्यांत म्हातारीचा कान असा तयार झाला, की सून न अडखळता चुकली तरी तिचा हात चण्याकडे जायचा. ‘विल हॅव बीन ईटिंग’ सासूसुद्धा एका दमात म्हणायची, सगळं मिळून एकच शब्द असल्यासारखं. मला तर तिचा अभिमानच वाटायला लागला.

परीक्षा पाटण्याला होती. मी दारालाच. संध्याकाळी प्रतिमा आली ती चपला काढायच्या आधीच सांगू लागली, “अम्माजी, एक उत्तर मी चुकवणारच होते. मनात वाक्य म्हणून बघितलं, तर कानात तुमचा चणा वाजला! लगेच बदललं.”

“पास झालीस तर निम्मा पगार माझ्या दातांचा,” सोनमती म्हणाली.

प्रतिमा पास झाली. मोबाइलवर निकाल बघितला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली.

नेमणूक मिळाली दूर पूर्णियाला. जायच्या दिवशी प्रतिमा माझा कोपरा सोडवू लागली.

“राहू दे त्याला,” सोनमती म्हणाली. “तुझं काम झालं, माझं नाही झालं.”

आता घरात ती एकटी. मी तेलकट झालोय, एक कोपरा झुरळांनी खाल्लाय. रोज सकाळी चहा झाला की ती पाट ओढते, माझ्याकडे पाठ करते आणि बाराही घरं म्हणून दाखवते. अर्थ एकाचाही ठाऊक नाही, चूक एकही नाही. म्हणून झालं की जरा वेळ तशीच बसून राहते, कुणीतरी काही बोलेल म्हणून. मला फार वाईट वाटतं. माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, तिला येत नाही. कधी आऱ्याला आलात तर या दारात थांबा आणि माझ्या वतीनं एवढंच सांगा, “सगळी बरोबर आहेत, अम्माजी.”