काकूंच्या हातचा चहा

उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत सगळ्यांसाठी चहा व्हायचा आणि तो आमच्या सासूबाईच करायच्या. दुसऱ्या कुणाची पातेल्याला हात लावायची टाप नव्हती. एकदा त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या काकूंनी, चहा टाकला, तर आईंनी तो सगळ्यांदेखत मोरीत ओतला. आजाऱ्यांना आंघोळ घालायची, बाळंतिणींचे केस धुवायचे, सगळीकडे आई पुढे. "देवाने हात सेवेसाठी दिलेत," हे त्यांचं रोजचं पालुपद.

मग जिन्यावर आईंचा पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

घरात नुसती धुसफूस सुरू झाली. भरवू का विचारलं की डोळे वटारायच्या आणि डाव्या हाताने अर्धं जेवण अंगावर सांडायच्या. केसांच्या जटा झाल्या, पण डोक्याला मला हात लावू देईनात. शेवटी चर्चला जाणंच सोडलं. "बसून राहणाऱ्या बाईचं तिथे काय काम?" मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. जन्मभर देवाचं नाव घेतलेली बाई, आणि आता त्याच्याच दारात जायला तयार नाही!

शनिवारी काकू आल्या. कुणाला न विचारता त्यांनी न्हाणीघरात स्टूल ठेवलं, पाणी कोमट केलं.

"ताई, या."

"माझं मी बघेन."

"बघितलं तुमचं बघणं. शेजारची मांजरसुद्धा याहून नीट राहते."

मी हसू दाबलं. आई भडकल्या. "तू मला शिकवणार? तुला साधा चहा जमत नाही!"

"नाही जमत," काकू म्हणाल्या. "पण थोरल्याच्या बाळंतपणात मला उठवत नव्हतं, तेव्हा माझे केस तुम्हीच धुतलेत. माखलेले कपडेही धुतलेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, ताई. तरी मी मान खाली घातलीच ना? सेवा कायम तुम्ही करायची आणि लाजायचं कायम आम्ही, हा कुठला न्याय?"

आई न्हाणीघरात आल्या. मग स्टूलवर बसल्या आणि मान खाली घातली.

काकूंनी हळूहळू पाणी ओतलं, बोटांनी एकेक गुंता सोडवला. आईंचे खांदे हलत होते. "साबण गेला वाटतं डोळ्यात," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसायला टॉवेल दिला. साबण अजून लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई चर्चला आल्या. चहाच्या वेळी मागच्या खोलीत बाकावर बसून राहिल्या. काकूंनी कप आणून दिले. मी घोट घेतला, तर नुसता कडू काढा! मी धास्तावून आईंकडे पाहिलं. त्यांनी कप रिकामा केला आणि डाव्या हाताने पुढे धरला.

"अजून थोडा दे गं."

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. तरी चहा काकूच करतात आणि तो अजूनही कडूच असतो. आई कप विसळतात.