मराठीत विचारलेला प्रश्न

लॅपटॉपचा कीबोर्ड झिजला की आपण आधी स्वतःलाच दोष देतो. आपणच फार जोरात बडवत असू, आपणच जेवता जेवता काम करत असू, अशी मनाची समजूत घालतो आणि वॉरंटीचा कागद कपाटात ठेवून पदरमोड करतो. तुम्ही केलंय हे, मीही केलंय. कंपन्यांना आपला हा स्वभाव पुरता ठाऊक असतो.

सुरैया मुकादम मात्र सोमवारी कागद घेऊन हवल्लीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. ती मूळची गुहागरची. कुवेतमध्ये एका टायपिंग ऑफिसात लोकांचे सरकारी अर्ज भरून द्यायची आणि बनेद अल-गारला आणखी तीन बायकांबरोबर एका खोलीत राहायची. ऑफिसच्या मालकाचा नियम असा, की लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. सुरैयाने सात महिन्यांपूर्वी नवा घेतला होता. आता निम्म्या कळांवरची अक्षरं उडाली होती आणि दोनाची कळ बसत चालली होती. कधी दाबली तरी उमटायची नाही, कधी एकदा दाबली की दोनदा उमटायची. गेल्या शतकात जन्मलेल्या प्रत्येकाचा सिव्हिल नंबर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावरचा नंबर, दोनानेच सुरू होतो, तेव्हा त्या कळेवर दिवसभर बोट पडणारच. नंबर चुकला की अर्ज खिडकीवरून परत. आठवड्यात असे सहा अर्ज परत आल्यावर मालकाने सांगून टाकलं, “रविवारी नीट मशीन घेऊन ये. नाहीतर इकामा रद्द आणि तिकीट तुझ्या हातात.” इकामा गेला की त्या देशात राहताच येत नाही.

काउंटरवर जगन्नाथ परब बसला होता. कुडाळकडचा, चाळिशीतला, बोलायला गोड. त्या सेंटरची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचं नाव-गाव बघून त्याच्यापुढे माणूस बसवायचा. मल्याळी आला की मल्याळी, तमिळ आला की तमिळ, आपल्याकडचा आला की जगन्नाथ. परक्या भाषेत माणूस जपून बोलतो आणि आपल्या भाषेत मोकळा होतो, हे तिथल्या मॅनेजरने, सगळे त्याला मुदीर म्हणत, बरोबर हेरलं होतं. गिऱ्हाइकाच्या तोंडून एखादी चूक निघाली की वॉरंटी मोडीत. या कामात जगन्नाथचा हात कोणी धरू शकत नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

“ताई, गाव कुठलं?”

“गुहागर.”

“अरे वा, म्हणजे आपलीच माणसं. चहा सांगू?”

सुरैयाचा चेहरा खुलला. “नको ओ. मराठी ऐकूनच बरं वाटलं. इथे कोण बोलतंय आपल्याशी.”

जगन्नाथने लॅपटॉप उघडला. “किती स्वच्छ ठेवलंय मशीन. पुसून आणलंत काय?”

“मग? दुसऱ्याच्या हातात मळकी वस्तू कशी द्यायची? काल ओलं फडकं फिरवलं. घट्ट पिळून हां.”

वस्तू दुरुस्तीला देण्याआधी पुसून द्यायची, ही आपल्या घरांतली रीत. भांडं कल्हईला दिलं तरी आई ते घासून द्यायची. जगन्नाथच्या घरातही तेच. म्हणूनच तर कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याला नेमकं माहीत होतं. त्याने फॉर्मवर इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि कागद तिच्याकडे फिरवला. “इथे सही करा.”

पण फॉर्म वाचणं हे सुरैयाचं पोटापाण्याचं काम होतं. तिने वाचलं : ग्राहकाच्या कबुलीनुसार कीबोर्डमध्ये पाणी गेले आहे, वॉरंटी लागू नाही.

“पाणी गेलं असं मी कधी म्हटलं?”

“ओलं फडकं म्हणालात ना? आता पाण्याशिवाय ओलं कसं होतं ते मला शिकवा, ताई.” मागच्या रांगेत एकदोघे हसले.

“कळ महिन्याभरापासून बसतेय. फडकं काल फिरवलं.”

“ते तुम्ही सांगताय. कंपनी कागद बघते. सही करा आणि मशीन न्या. सही नसेल तर मशीन मिळायचं नाही.”

“मग राहू दे इथेच,” सुरैया म्हणाली. “सही केली तर खोटं माझ्या नावावर लागेल.” ती रिकाम्या हाताने निघून गेली.

लॅपटॉप मागच्या खोलीत यूनुसभाईंकडे गेला. श्रीवर्धनचे यूनुसभाई एकोणीस वर्षं तिथे मशीन उघडत होते. दुपारी त्यांनी जगन्नाथला आत बोलावलं.

“हे बघ. आत पाण्याचा टिपूस नाही. कळेखालचं रबर फाटलंय. या मॉडेलचा असा हा अकरावा. माल मुळातच हलका आहे. कपाटात नवा कीबोर्ड पडलाय, तासाभरात बसवून देतो. तू फक्त रिपोर्ट बदल.”

“आणि मुदीरला काय सांगू? माझाही इकामा याच लोकांच्या हातात आहे, यूनुसभाई.”

“तिचा काय तिच्या हातात आहे? जगन्नाथ, वॉरंटी म्हणजे खैरात नव्हे. विकताना दिलेला शब्द आहे तो. त्याची किंमत त्या बाईने आधीच मोजलीय. कंपनीला शब्द मोडायचाय तर कंपनीने आपल्या तोंडाने मोडावा. तू तो तिच्याच तोंडून मोडवून घेतोस, आणि तेही गावाचं नाव काढून. निदान परक्या भाषेत तरी लुबाड.”

“भाषण छान आहे,” जगन्नाथ म्हणाला. “मुदीरसमोर करा एकदा.” आणि त्याने नकाराची नोंद कॉम्प्युटरवर चढवली.

गुरुवारी सुरैया पुन्हा आली. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे रविवारच्या आधीचा तोच एक कामाचा दिवस उरला होता. तिने सगळी हकीकत तारीखवार लिहून आणली होती. जगन्नाथने कागद न वाचताच परत सरकवला. “ताई, तुमचं अक्षर सुंदर आहे. पण नकार तो नकार.”

“मी मुदीरना भेटल्याशिवाय जाणार नाही.”

“बसा की. बसायला सही लागत नाही.”

ती बाकावर बसून राहिली. दोन तास तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मुदीर समोरून दोनदा गेला, दोन्ही वेळा फोन कानाला लावून. मग खैतानहून जयराम धुरी नावाचे एक म्हातारे सुतार आले. गावच्या नातवंडांशी बोलायला घेतलेला लॅपटॉप त्यांनी काउंटरवर ठेवला. तेच मॉडेल, तशाच पुसट झालेल्या कळा.

“काका, गाव कुठलं?” जगन्नाथने विचारलं.

“वेंगुर्ला.”

“म्हणजे आमच्या शेजारचेच की.”

जयरामकाका एवढे सुखावले की काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, त्याला मुलगाच मानून मालवणीत बोलू लागले. “मगे आमचोच झील मां तू. बरां झालां गावलंस तो.”

“मशीन चकचकीत ठेवलंय, काका. पुसून आणलंत काय?”

सुरैया बाकावरून उठली. आवाज चढवला नाही तिने. “काका, उत्तर देऊ नका. हे गाव विचारतात ते आपल्याला बोलतं करायला. मी खरं सांगितलं आणि त्याच कागदावर माझी नोकरी चाललीय.”

जयरामकाकांनी तिच्याकडे बघितलं, मग बराच वेळ जगन्नाथकडे. त्यांनी कोपरं काढून घेतली आणि लॅपटॉप छातीशी धरला. म्हणाले ते मोडक्यातोडक्या हिंदीत, “इधर दूसरा कोई आदमी है क्या? मराठीवाला नहीं मंगता.”

मुदीरच्या शिव्या जगन्नाथने अकरा वर्षं हसत पचवल्या होत्या. हे वाक्य मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. आपल्या मुलखातल्या म्हाताऱ्या माणसाला आपली भाषा नकोशी झाली, आणि ती आपण केली! केवढी ही कमाई! त्याला स्वतःची किळस आली. तो उठला, आत गेला आणि यूनुसभाईंना म्हणाला, “अकराही मशीनचे फोटो द्या.”

तासाभरात त्याने खरा रिपोर्ट लिहिला आणि थेट कंपनीच्या मुख्य ऑफिसला पाठवला. सुरैयाने सही केली नव्हती, म्हणून तिची तक्रार अजून कागदोपत्री जिवंत होती. तिच्याच तक्रारीच्या नंबरावर त्याने बाकीच्या दहा जोडल्या. मग बाहेर येऊन म्हणाला, “ताई, चूक माझी होती. रिपोर्ट बदललाय.”

“मग कीबोर्ड बसवा.”

“सोमवारी आमचे यूनुसभाई तासाभरात बसवून देत होते, पण मी नकार चढवला. आता तो मुख्य ऑफिसच काढू शकतं. आठपंधरा दिवस लागतील.”

“सोमवारी तासाभराचं काम होतं ना?” सुरैयाने विचारलं. तिने पर्स उचलली आणि ती गेली.

रविवारी सुरैयाच्या मालकाने बोलल्याप्रमाणे इकामा रद्द करून तिला गावी धाडलं. जगन्नाथलाही मुदीरने अम्गराच्या गोदामात टाकलं, ऐन ऑगस्टात भंगार मशीन उचलायला. सतराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. या मॉडेलचे कीबोर्ड मोफत बदलून द्यावेत, आधी नाकारलेल्यांनाही. माफीचा एक शब्द त्यात नव्हता.

जगन्नाथने गोदामातूनच गुहागरला फोन लावला. “सुरैयाताई, मी जगन्नाथ परब. तुमची वॉरंटी मान्य झाली. लॅपटॉप यूनुसभाई सुट्टीवर येतील तेव्हा घेऊन येतील.”

पलीकडून आवाज आला, “अच्छा. शुक्रिया.”

“ताई, मराठीत बोला ना माझ्याशी.”

“नहीं. मराठी में मैं सच बोल देती हूँ.”

फोन बंद झाला. जगन्नाथ त्या भंगाराच्या ढिगापुढे उभा राहून रडला, आणि त्याच्या रडण्याने सुरैयाचा इकामा काही परत आला नाही.

मंडळी, वॉरंटी मागताना ओशाळू नका, तो तुमचा हक्क आहे. जे बोललात ते लिहून घ्या आणि जे बोलला नाहीत त्याखाली सही करू नका. सुरैयाने एक सही नाकारली म्हणून आणखी दहा घरांना न्याय मिळाला, तिला स्वतःला मिळाला नाही तरी. आणि काउंटरच्या आत बसणाऱ्या आपल्या भावाबहिणींनो, तुम्हालाही पोट आहे हे मान्य. पण मालकाची चाकरी करताना गावाचं नाव आणि आईची भाषा त्याच्या कामाला जुंपू नका. खरं लिहायचं असेल तर पहिल्याच दिवशी लिहा. जगन्नाथला उपरती झाली, पण ती तीन दिवस उशिरा झाली, आणि त्या तीन दिवसांची शिक्षा दुसऱ्याच कोणीतरी भोगली.