भंडाऱ्याआधी एक डाव

रखमाजी जे बोलला ते आळेफाट्यावरच्या हॉटेलात, चहा पिता पिता, चार माणसांत बोलला. "गजरा गेली. आता दाजीला खुणा कोण करणार?" ऐकणारे हसले. त्यातल्या एकाने आळ्यात येऊन ते सावळेरामच्या कानावर घातलं आणि वर म्हणाला, मनावर घेऊ नका, पावणं गमतीनं बोललं.

सावळेरामने ते मनावर घेतलं. गजराबाई त्याची बायको. तिचं वर्षश्राद्धही अजून झालं नव्हतं. रखमाजी तिचा चुलतभाऊ, अवसरी बुद्रुकचा. बाहेरचा कोणी बोलला असता तर सावळेरामने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विसरला असता. पण माहेरचं माणूस बोललं म्हणजे लोक खरं धरणार. मेलेली बाई उठून उत्तर द्यायला येत नाही.

बोलणं होतं ते ठोकळ्यांच्या खेळाबद्दल. बिरोबाचा पुजारी हौशीराम पूर्वी खोडदला, तिथल्या मोठ्या दुर्बिणींवर काम करायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा. एका अमेरिकन पाहुण्याने त्याला हा खेळ शिकवला आणि जाताना डॉमिनोच्या ठोकळ्यांची पेटी देऊन गेला. प्रत्येक ठोकळ्याचे दोन भाग, प्रत्येक भागावर कोऱ्यापासून सहापर्यंत ठिपके. धनगरांना पत्त्यांतला मेंढीकोट येतच होता. पण रानात पत्ते वाऱ्याने उडतात, दवाने फुगतात. ठोकळ्यांचं तसं नाही. म्हणून इथला मेंढीकोट ठोकळ्यांवर आला.

चौघे बसतात, समोरासमोरचे भिडू. प्रत्येकाला सात ठोकळे. किती गुण करणार याची बोली लागते; ज्याची बोली मोठी तो हुकूम ठरवतो, म्हणजे एक आकडा सांगतो. तो आकडा असलेला ठोकळा बाकीच्यांना मारतो. एकाने ठोकळा टाकला की त्यावरचा मोठा आकडा इतरांनी द्यायचा, हुकमाचा टाकला तर हुकूमच. तो नसेल तर हुकमाने मारायचं, नाहीतर काहीही फेकायचं. दोन्हीकडे तोच आकडा असलेला ठोकळा त्या आकड्यात सर्वांत मोठा. एक हात जिंकला की एक गुण, पण खरा जीव दुसरीकडे असतो. ज्यांच्या ठिपक्यांची बेरीज दहा होते ते दोन ठोकळे, सहा-चार आणि पाच-पाच, या मेंढ्या. एकेक मेंढी दहा गुणांची. बेरीज पाच होते ती कोकरं, पाच गुणांची. मेंढ्या आपल्या वाड्यात आणायच्या, एवढाच खेळ. आणि बोलीचा आकडा सोडला तर भिडूशी अक्षर बोलायचं नाही. खूण केली तर ती चोरी.

बिरोबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात आळे आणि अवसरी अशी बैठक बसायची. आळ्याकडून सावळेराम आणि गजराबाई, अवसरीकडून रखमाजी आणि त्याचा पुतण्या गोरख. गजराबाई बसायला लागल्यापासून अवसरी हरतच आली होती. आणि गेल्या यात्रेतल्या शेवटच्या डावातला एक हात तर सगळ्यांच्याच लक्षात होता.

त्या हाताला सावळेरामने सहा-सहा टाकला होता. तो ठोकळा फक्त हुकमाने मरू शकत होता. एक हुकूम बाहेर यायचा होता आणि रखमाजीची पाळी सर्वांत शेवटी होती. गजराबाईच्या हातात पाच-पाच होता. तो टाकला आणि रखमाजीने हुकूम मारला तर दहा गुण गेले, डाव गेला. कोणीही माणूस तिथे मेंढी दाबून ठेवून बिनगुणांचा ठोकळा फेकतो. गजराबाईने मेंढी टाकली. रखमाजीकडे हुकूम निघाला नाही. डाव आळ्याने जिंकला.

घरी जाताना सावळेरामने तिला विचारलं होतं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "कळलं." आणि पदर डोक्यावर ओढून पुढे चालायला लागली. त्याने पुन्हा विचारलं नाही. तेव्हा वाटलं होतं, विचारायला जन्म पडलाय.

रखमाजीचं बोलणं कानावर आल्यावर त्याने अवसरीला निरोप धाडला, जे बोललास ते देवासमोर बोल. उलटा निरोप आला. दाजीने यात्रेत बिरोबाचा भंडारा उचलावा आणि सांगावं की गजरानं कधी खूण केली नाही. मी तिथल्या तिथे शब्द मागे घेतो.

हळद म्हणून कपाळाला लावतात तोच हा भंडारा. पण शपथेसाठी मुठीत उचलला की त्याचं वजन बदलतं. खोटा उचलला तर कळपाला बसतो, नाहीतर पोराबाळांना. सावळेरामच्या घरात कोणीही असंच समजायचं. त्याचा मुलगा आदेश म्हणाला, उचला की आबा, त्यात काय. आई काय चोर होती का? ती चोर नव्हती हे सावळेरामला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिला कसं कळलं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि खेळताना तो प्रत्येक ठोकळ्याला तिच्या तोंडाकडे बघायचा, हे तर सगळ्या गावाने पाहिलं होतं. तिच्या भुवईने, ओठाने त्याला कधी काही सांगितलं असेल का? की त्याच्याच तोंडावर काही दिसायचं आणि ती वाचायची? नाना गोष्टी मनात यायच्या. जी गोष्ट माणसाला माहीत नाही तिच्यावर भंडारा कसा उचलायचा?

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप भरला. हौशीरामने भंडाऱ्याचं ताट आणून देवासमोर ठेवलं. रखमाजी पांढरं धोतर, नवा फेटा घालून आला होता. तो सावळेरामच्या पाया पडला, दाजी म्हणाला, तब्येतीची चौकशी केली. मग बाजूला होऊन ताटाकडे हात केला.

सावळेराम ताटापर्यंत गेला. हात पुढे झाला आणि थांबला.

"आधी बसू," तो म्हणाला. "मग उचलतो."

मंडपात कुजबुज झाली. रखमाजीने गोरखकडे बघितलं. "दाजी, खेळायचं का न्हाई ते नंतर. भंडारा कुटं पळून चाललाय?"

"न्हाई पळत. म्हणूनच म्हणतो, आधी बसू."

मागून कोणीतरी म्हणालं, म्हातारा टाळतोय. सावळेरामने ते ऐकलं.

भिडू म्हणून त्याने सुनेला, नूतनला आणलं होतं. सासूच्या शेजारी बसून तीही खेळ शिकली होती. पण सासूच्या जागेवर बसायला ती तयार होईना. शेवटी सावळेराम स्वतः गजराबाईच्या जागी बसला आणि नूतन त्याच्या जागी. त्यामुळे रखमाजी त्याच्या डाव्या हाताला आला, गजराबाईच्या असायचा तसा.

पहिला डाव अवसरीचा झाला. रखमाजीने बोली घेतली, हुकूम पाच सांगितला आणि एकामागून एक हात ओढले. सावळेरामला काही सुचत नव्हतं. सवयीने मान वर जायची आणि समोर नूतन दिसायची. सुनेच्या तोंडाकडे सासऱ्याने टक लावून बघायचं कसं? आज तर सगळा मंडप त्याच्या डोळ्यांवरच डोळा ठेवून होता. तो मान खाली घालायचा. खाली बघून बघून स्वतःचे ठोकळे पाठ झाले, तेव्हा नजर डावीकडे गेली. तिथे मधे मांडलेल्या फळीवर रखमाजीचे ठोकळे रांगेत उभे होते, पाठ इकडे करून.

रांग एकसारखी नव्हती. मधले ठोकळे एकमेकांना चिकटलेले होते. दोन्ही टोकांचे मात्र बोटभर अंतर सोडून उभे होते. रखमाजीने हुकूम टाकला तो टोकाचा. पुढचा हुकूम टाकला तो दुसऱ्या टोकाचा. मेंढी आली ती मधून.

सावळेराम बघत राहिला. मेंढरं रस्त्याने चालली की असंच चालतात. लेकुरवाळ्या आणि कोकरं मधे, आणि कुत्री दोन्ही टोकांना, जरा सुटून. रखमाजीने आयुष्यभर कळप तसाच चालवला होता. ठोकळेही त्याने तसेच लावले होते, आणि आपण तसे लावतो हे बहुधा त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

एका डावावरून काही सिद्ध होत नाही, असं सावळेरामने मनाला बजावलं. योगायोग असेल.

दुसरा डाव वाटला. नूतन एकतीस बोलली, वर कोणी गेलं नाही. तिने हुकूम तीन सांगितला. हुकूम ऐकताच रखमाजीने आपली रांग पुन्हा लावली. सावळेरामने मान हलवली नाही, फक्त डोळे हलवले. डाव्या टोकाला एक सुटा. उजव्या टोकाला एक सुटा. मधे पाच चिकटून.

नूतनने तीन-तीन टाकला. गोरखकडे तीन नव्हता, त्याने भलताच ठोकळा फेकला. सावळेरामने तीन-एक दिला. रखमाजीने डाव्या टोकाचा उचलला. तीन-चार.

नूतनने तीन-सहा टाकला. सावळेरामने तीन-कोरा दिला. रखमाजीने थोडं थांबून उजव्या टोकाचा उचलला. तीन-दोन, कोकरू. त्याने ते टाकताना तोंड वाकडं केलं.

मग नूतनने सहा-सहा टाकला.

मंडपातल्या जुन्या माणसांनी मान पुढे काढली. गेल्या वर्षीचा हात त्यांना आठवला होता. गोरखने सहा-एक दिला. आता सावळेरामची पाळी आणि शेवटी रखमाजी. सातांपैकी सहा हुकूम बाहेर पडले होते. तीन-पाच तेवढा राहिला होता. गोरखकडे तो नव्हता. म्हणजे नूतनकडे, नाहीतर रखमाजीकडे. सावळेरामच्या हातात सहा नव्हता. त्याच्या हातात पाच-पाच होता, आणि दोन-कोरा होता.

दोन-कोरा टाकला तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण मग जे दिसलं ते खरं की खोटं हे कायमचं राहून गेलं असतं, आणि देवासमोर त्याला म्हणावं लागलं असतं की मला माहीत नाही. मेंढी टाकली आणि रखमाजीने मारली तरी तेच. मग गजराला कसं कळलं याला एकच उत्तर उरत होतं, आणि ते रखमाजीचं होतं.

त्याने रांगेकडे पुन्हा बघितलं. पाच ठोकळे एकमेकांना चिकटून उभे होते. सुटा एकही नव्हता. कुत्री नव्हती.

रखमाजी म्हणाला, "टाका दाजी. का कुणाची वाट बघताय?"

दोघं-तिघं हसले. सावळेरामने पाच-पाच उचलला आणि मधोमध ठेवला.

रखमाजीचा हात रांगेवर गेला आणि तिथेच राहिला. सगळा मंडप त्या हाताकडे बघत होता. हात डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, आणि मधला एक ठोकळा वर आला. त्याने तो फळीवर टाकला. सहा-चार. त्याच्याकडे सहा तेवढा एकच होता आणि नियमाने तो द्यावाच लागत होता. दोन्ही मेंढ्या एकाच हातात नूतनकडे गेल्या. लगेच तिने तीन-पाच टाकला; राहिलेला हुकूम तिच्याकडेच होता.

मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. हौशीरामने त्याला दटावलं.

"सुनंनं सांगितलं," गोरख म्हणाला.

"गप," रखमाजी त्याच्यावर खेकसला. "मी बगत व्हतो. दाजीनं मान वर केली न्हाई." मग तो सावळेरामकडे वळला. त्याचा आवाज उतरला होता. "दाजी, तिनंबी असाच टाकला व्हता. हितंच बसून."

सावळेराम उठला. ताटाजवळ जाऊन त्याने भंडारा मुठीत उचलला. मूठ भरून घेतली.

"बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो," तो म्हणाला, आणि प्रत्येक शब्द तोलून बोलला. "माज्या बायकूनं मला कदी खूण केली न्हाई. मी तिला केली न्हाई. मी नुसता तिच्या तोंडाकडं बगायचो, ते उगाच. ती डाव बगायची."

त्याने भंडारा देवावर उधळला.

रखमाजी पुढे आला. शब्दाचा पक्का माणूस होता. त्याने ताटातला भंडारा बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला, देवापुढे डोकं टेकलं आणि तसाच वाकलेला असताना म्हणाला, "चुकलो, गजरे." दोनदा म्हणाला. उठला तेव्हा त्याने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मग मात्र त्याला राहवेना.

"पर कळलं कसं, दाजी? काय बगायची ती?"

सावळेरामला सांगावंसं वाटलं. पण रखमाजीला नव्हे. त्याला ते गजराला सांगायचं होतं. मला कळलं गं, असं म्हणायचं होतं. आणि भांडायचंही होतं, एवढी वर्षं समोर बसून मला का नाही सांगितलंस म्हणून. ती काय म्हणाली असती तेही त्याला माहीत होतं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी डोळे फाडून तिकडंच बगत बसला असता.

"ते तिनं मला सांगितलं न्हाई, रखमाजी," तो म्हणाला. "मी तुला का सांगू?"

रखमाजी खाली बसला, ठोकळे पालथे घातले आणि दोन्ही हातांनी घोळायला लागला. अजून एक डाव, तो म्हणाला, अवसरीची एवढी माणसं आलीत. नूतनने सासऱ्याकडे बघितलं. सावळेरामने मान हलवली आणि गजराबाईच्या जागेवर पुन्हा जाऊन बसला.