पुढच्याचं ताट

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. हमरस्त्यावरच्या झगझगीत हॉटेलच्या मागे एक खोली आहे. तिला खिडकी नाही. भिंतीला ठोकलेलं लांब फळकूट, त्याच्यापुढे स्टुलं, वर भुणभुणणारी ट्यूबलाइट. बसचे ड्रायव्हर इथे भिंतीकडे तोंड करून जेवतात. जेवण फुकट, कारण त्यांनी आणलेले प्रवासी पुढच्या दालनात महागडं, गारढोण अन्न मुकाट्याने खातात. निघताना गल्ल्यावरचा माणूस ड्रायव्हरच्या कागदावर शिक्का मारतो. बस इथेच थांबली, याची ती खूण.

आपल्या गोष्टीतला ड्रायव्हर एकोणीस वर्षं त्या भिंतीकडे बघत जेवत होता. महिन्यात दोन शिक्के चुकले की रात्र परगावी काढणाऱ्या मुक्कामी गाडीवर बदली व्हायची. घरी आई नसलेली नऊ वर्षांची लेक होती. ही गाडी त्याला रोज संध्याकाळी तिच्यापाशी पोचवायची.

शाळेला सुट्टी लागली, म्हणून त्या दिवशी लेकही बरोबर होती; इंजिनाच्या झाकणावर उशी टाकून बसलेली. वाटेतला पूल दुरुस्तीसाठी बंद होता. गाड्या जुन्या रस्त्याने वळवल्या होत्या आणि हॉटेल बाजूला राहिलं. दुपार टळली, मागे कुरकुर सुरू झाली.

“बाबा, तिथे धूर निघतोय,” लेक म्हणाली. “चांगल्या वासाचा.”

त्याने गाडी थांबवली. छोटीशी खाणावळ होती: चार टेबलं, एक मोठी खिडकी आणि एक बाई. गरम भात, भाजीचा रस्सा, उकडलेलं अंडं. पाटीवरची किंमत वाचून एका आजोबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“मी एकटी आहे,” बाई म्हणाली. “तेव्हा इथली रीत ऐका. जेवून उठलात की ताट धुवायचं आणि पुढच्यासाठी मांडायचं. कुणाचे हात झिजत नाहीत.”

माणसं पाळीपाळीने बसली. ड्रायव्हर सवयीने ताट घेऊन मागच्या दाराकडे निघाला.

“तिकडे कुठे? तिकडे कोळसा आहे,” बाई म्हणाली. “जेवायचं असेल तर खिडकीशी बसा.”

समोर आजोबा होते. “तुम्ही का आमचे ड्रायव्हर? बारा वर्षं या गाडीने जातोय. पाठ ओळखीची, तोंड आज बघतोय.”

“पाठीवरून कसा वाटलो?”

“जरा तापट.”

“भूक असायची हो.”

सगळे हसले. लेक बापाकडे बघतच राहिली. तो घरीही इतकं बोलत नसे. त्याने तीनदा भात घेतला. आणि उठताना आपलं ताट असं चकचकीत पुसून मांडलं, की बाई म्हणाली, “रोज येत चला.”

संध्याकाळी डेपोतल्या साहेबाने कागद उलटापालटा केला. “शिक्का?”

“साहेब, पूल बंद...”

“पुलाचं मला सांगू नका. एक चुकला. आता सांभाळा.”

दुसऱ्या दिवशी पूल खुला झाला होता. फाटा जवळ आला तशी मागून आजोबांची हाक आली, “ड्रायव्हरसाहेब, घ्या की जुन्या रस्त्याने. आम्ही काही तक्रार करत नाही.”

“घ्या, घ्या,” आणखी दोघं म्हणाले.

त्याने वळायचा दिवा लावला. गाडी हळू झाली. त्याची नजर लेकीच्या वेणीकडे गेली. सकाळी त्यानेच घातली होती, वाकडी. त्याने दिवा बंद केला आणि गाडी सरळ पुलावर घातली.

खिडकी नसलेल्या खोलीत दोघं भिंतीकडे तोंड करून जेवली. गल्ल्यावरच्या माणसाने दारातच कागदावर शिक्का मारला. ठप्प.

“चल,” तो म्हणाला. तिच्याकडे बघितलं नाही.

लेकीने ताट विसळलं. कोपऱ्यातल्या खरकट्या ताटांच्या ढिगावर टाकलं नाही. फ्रॉकच्या टोकाने पुसून फळकुटावर मांडलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. मग बापाचं ताट घेतलं आणि तेही तसंच मांडलं.

तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर घाम पुसत आत आला आणि दारातच थबकला.

“हे कुणाचं गं?”

“तुमचंच, काका,” ती म्हणाली आणि तिने स्टूल ओढून दिलं.