वधूच्या आईला जोडीदार नसतो

ब्राझीलमधल्या कारुआरूच्या शाळेत साहित्य शिकवणारे एव्हिलासिओ सर पोर्तुगीज कादंबऱ्यांना फार मानत. त्या कादंबऱ्यांची नाटकं बसवताना वर्गातल्या जुसारालाही ते कधी विसरत नसत. पहिल्या वर्षी ती जाडी स्वयंपाकीण झाली, गेल्या वर्षी केक खाता खाता मरणारी जाडी मावशी. एक जगून हसवते, दुसरी मरून. साहित्यात केवढी ही विविधता!

यंदा जूनच्या जत्रेत सरांनी लिहिलेलं लुटुपुटूचं लग्न होतं आणि मग जोडीजोडीने नाच. जुसाराला फक्त नाचायचं होतं. वधूचं पद ताइनाराला लखलाभ.

"तू वधूची आई," सर म्हणाले. "सगळे नाचतील तेव्हा कोपऱ्यात बसून मक्याची खीर हाणायची."

"आईला जोडीदार नाही, सर?"

"अगं, एवढ्या थोर कादंबऱ्या आपल्या! त्यांत कुणा जाड बाईला जोडीदार मिळालेला वाचलास? आणि ही उशी पोटावर बांध."

जुसाराने उशीकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "सर, देवाने दिलंय की भरपूर!"

"पुस्तकातल्या जाडीला तेवढ्याने भागत नाही."

जत्रेच्या दिवशी लग्न लागलं, अकॉर्डियन सुरू झालं. नाचाच्या चाली पुकारायला माइकवर अर्थात सरच.

"पाऊस आला!" सर ओरडले. रिवाजाप्रमाणे जोड्या गर्रकन मागे फिरल्या.

"खोटं आहे!" सरांनी पुकारलं, तसे जल्लोष करत सगळे परत वळले. कारुआरूत हे पोरांना बोलायच्या आधी येतं.

मग सरांमधला साहित्यिक उसळला. "पळा, वधूची आई आली! खिरीचं पातेलं वाचवा!"

खिदळत सगळ्यांनी जुसाराकडे पाठ फिरवली.

तिने उशी सोडून खुर्चीवर आपटली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "खोटं आहे!"

डोक्याआधी पायांनी ऐकलं. सगळी रांग जल्लोष करत तिच्याकडे वळली.

लग्न लावणारा पाद्री झालेला, खोटी दाढी लावलेला क्लेबेर एकटाच उभा होता. जुसारा त्याच्यासमोर गेली. "ओ पाद्रीबाबा, हात द्या."

"मी पाद्री आहे गं, मला लग्न चालत नाही!"

"लग्न कोण करतंय तुझ्याशी? नाच."

त्याने हात दिला. अकॉर्डियनवाला काही थांबेना. "जोड्या... पुढे," सर शेवटी पुटपुटले. सगळ्यात पुढे जुसाराचीच जोडी होती.

दुसऱ्याच फेरीत तिचा पाय क्लेबेरच्या पायावर पडला.

"आई गं!"

"ओरडू नकोस," ती म्हणाली, "वळण येतंय."