पडली तर पास

क्लबात माझ्या सासऱ्यांना सगळे 'नापासकर' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत हळू. गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेण्यात त्यांची उभी नोकरी झाली आणि माणसं नापास करण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. पोटच्या मुलालाही त्यांनी तीनदा घरी पाठवलं. शेवटच्या वेळी तर वळताना हात दाखवला नाही, एवढ्यावरच. तो मुलगा म्हणजे माझा नवरा.

क्लब म्हणजे चष्मेवाल्याच्या दुकानावरची खोली. मधोमध टेबलं जोडून मांडलेला काळा ट्रॅक आणि त्यात खाचा. वीतभर गाडीच्या नाकाखालची पिन खाचेत बसते, कडेच्या तारांतून वीज मिळते आणि हातातला खटका दाबाल तशी गाडी पळते. वळणावर जास्त दाबला की गाडी खाचेतून सुटते आणि भिंतीवर आपटते. पोटाला चुंबक लावलेला असला तर तो तारांना धरून राहतो आणि गाडी सुटत नाही.

गेल्या वर्षी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून थरथरतो, चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. बाकी सगळं सुटलं, शनिवारची शर्यत तेवढी राहिली. त्या दिवशी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. चुंबकामुळे त्या हाताचीही गाडी खाचेत टिकायची आणि अधूनमधून जिंकायचीही. तेच नवऱ्याला खुपत होतं.

"पाठीला भोपळा बांधून पोहायचं आणि वर बक्षीसही घ्यायचं," तो सगळ्यांसमोर म्हणायचा. "चुंबक बंद करा. माझ्या गाडीत पाहिलाय कधी कुणी?"

कुणी पाहिला नव्हता. तो आपली गाडी कुणाला उलटी करून बघूच देत नसे.

"अरे, बापाचा हात बघ की जरा," क्लबातला बेकरीवाला म्हणायचा.

"ट्रॅकला हात-बित कळत नाही. नियम सगळ्यांना सारखा. हे मला कुणी शिकवलं, विचारा त्यांनाच."

बाबा हसून म्हणायचे, "मीच."

मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. बरेच दिवस ते घोडं तिथेच अडलं होतं.

आमची ठकी दहा महिन्यांची. रांगते, आणि दिसेल ते तोंडात घालते. म्हणून मी रोज गुडघ्यांवर बसून, तिच्या उंचीवरून फरशी बघते. नवरा याला झाडाझडती म्हणतो. गुरुवारी पाळण्याखाली एक चुंबक सापडला, शर्टाच्या बटणाएवढा. ओला होता. वाचलेलं डोक्यात होतं: एक पोटात गेला तर बहुतेक वेळा निघून जातो. दोन गेले तर आतड्यांच्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधे येईल ते फाडतात.

चुंबकाला पिवळा वाळलेला गोंद होता. बाबा गोंद वापरत नाहीत, थरथरत्या हाताने तो सांडतो. ते चुंबकाला काळा टेप गुंडाळतात. हे मला तिथल्या तिथे दिसलं. मी चुंबक नवऱ्याच्या हातावर ठेवला. त्याने नखाने गोंद खरवडून काढला.

"बाबांचा," तो म्हणाला.

गुरुवारपासून ठकी किरकिरी झाली होती, दूध टाकत होती. "दात येतायत गं," तो म्हणाला. मलाही ते पटवून घ्यायचं होतं.

शनिवारी त्याने तो चुंबक चष्मेवाल्याच्या टेबलावर ठेवला. "हा माझ्या मुलीच्या तोंडात होता. आता बोला."

बाबा सावकाश माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुला सापडला ना? टेप होता का गं त्याला?"

ठकी माझ्या कडेवर होती, मान टाकून. चुंबक घराबाहेर गेले पाहिजेत, सगळ्यांचे, आजच्या आज, एवढंच मला दिसत होतं. ते कुणाच्या नावावर जातात याच्याशी मला काय करायचं होतं?

"होता, बाबा," मी म्हणाले. "तुमचाच होता."

चुंबक बंद करण्याच्या बाजूने बेकरीवाल्याचाही हात वर गेला.

तपासणी कशी करायची ते चष्मेवाल्याने ठरवलं. गाडी आडवी धरायची आणि पोटाला पातळ पोलादी पट्टी टेकवून सोडायची. पट्टी चिकटली तर गाडी बाद, पडली तर पास.

"पडली तर पास!" बाबा म्हणाले. "मग जन्मभर मी उलटंच केलं म्हणायचं."

त्यांनी थरथरत्या नखाने टेप सोडवला, चुंबक काढला. पट्टी खणकन खाली पडली. टाळ्या वाजल्या.

पहिल्याच वळणावर त्यांची गाडी भिंतीवर गेली. सुटलेल्या गाड्या उचलून ठेवायला त्या वळणावर नवराच उभा होता. त्याने ती दोन बोटांनी उचलली, खाचेत बसवली आणि गोड आवाजात म्हणाला, "वळताना हात दाखवायचा, बाबा."

खोली हसली. गाडी पुन्हा सुटली. "हात दाखवायचा, बाबा." पुन्हा सुटली. आता तर तो म्हणायच्या आधीच सगळे एका सुरात म्हणू लागले. चष्मेवाल्याने हसताहसता डोळे पुसले.

बाबांनी खटका खाली ठेवला आणि ते माझ्यापाशी आले. रुमालाची गाठ माझ्या हातात दिली.

"माझ्या तिन्ही गाड्यांमधले. मोजून घे, तीन आहेत. माझा एकही हरवलेला नव्हता." आवाज अगदी हळू. "ते तुला तेव्हाच कळलं होतं. असू दे. पण त्याच्या गाडीत जोडी असते, पुढे एक, मागे एक. मीच शिकवलंय त्याला. दुसरा सापडला ना?"

बाबांच्या गाडीत एकच असतो, म्हणून चुंबक बाबांचा म्हटल्यावर तो एकच ठरला होता. दुसऱ्याचं मी विचारलंच नव्हतं. आणि गुरुवारनंतरही मी फरशी रोज पाहिली होती. फरशीवर काही नव्हतं.

"अरे!" मी ट्रॅकच्या या टोकावरून ओरडले. "तुझ्या गाडीत किती चुंबक होते?"

खटके थांबले. त्याने आधी चष्मेवाल्याकडे पाहिलं, मग बेकरीवाल्याकडे, मग ठकीकडे. त्याच्या हातात बाबांची गाडी होती.

"कोणते चुंबक?" तो म्हणाला.

बेकरीवाला दवाखान्यात न्यायला आपली गाडी काढायला जिन्यावरून धावत सुटला. मी टेबलावरची पोलादी पट्टी उचलली, ठकीचं झबलं वर केलं आणि पट्टी तिच्या पोटावर टेकवून सोडली. पट्टी खाली पडली. या वेळी टाळी कुणी वाजवली नाही. मी ती उचलली आणि जरा खाली, बेंबीच्या डावीकडे, पुन्हा टेकवली.